पोटरी जागी ठेवायची तर : रक्ताची गुठळी टाळण्यासाठी स्टिम्युलेटर घरी कसा वापरावा

गेल्या पावसाळ्यात कुडाळ तालुक्यातल्या एका घरी गेले होते. विहिरीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं, त्यावरून आजी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं. पण त्याच्या महिनाभर आधी पोटातल्या अल्सरमधून रक्तस्राव झालेला, त्यामुळे पायात गुठळी होऊ नये म्हणून देतात ते रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देणं डॉक्टरांना धोक्याचं वाटलं. नडगीवर जुनी चिघळणारी जखम, म्हणून घट्ट मोजे नाहीत आणि हवेने फुगणाऱ्या पट्ट्याही नाहीत. मग एकच मार्ग उरला. पोटरीच्या स्नायूला विजेचे बारीक झटके देऊन तो हलता ठेवायचा. डॉक्टरांनी असे झटके देणारं यंत्र, म्हणजे स्टिम्युलेटर, लिहून दिलं, घरच्यांनी आणलं.

मी पोचले तेव्हा यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. सून म्हणाली, "सकाळपासून चालूच आसा, ताई." मी पायावरची चादर बाजूला केली. पाय अगदी शांत. आदल्या रात्री आजींच्या पायाला कुणीतरी प्रेमाने खोबरेल चोळलं होतं, त्यावर घाम, आणि दोन्ही पॅडच्या कडा पानासारख्या वळून वर आलेल्या. दिवा लुकलुकत होता, पोटरी हलत नव्हती. म्हणजे सकाळपासून उपचार झालाच नव्हता, आणि घरातले सगळे निर्धास्त होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशी यंत्रं घरोघरी लावून देणं हे माझं रोजचं काम आहे. हे यंत्र पहिल्यांदाच हाताळणाऱ्या घरच्या माणसांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, ती शेवटपर्यंत धरून ठेवा: यंत्राकडे बघू नका, पायाकडे बघा.

गुठळी होते कशी

पोफळीच्या बागेतला पाट आठवा. पाणी वाहतं तोवर निर्मळ. एखाद्या वळणावर पालापाचोळा अडकला, पाणी थांबलं, की दोन दिवसांत तिथे शेवाळ. पायातल्या खोल शिरांमधलं रक्तही वाहतं आहे तोवर ठीक असतं. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो: रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. फिर्शोचा जन्म 13 ऑक्टोबर 1821 चा, आणि 13 ऑक्टोबरलाच जागतिक थ्रॉम्बोसिस (म्हणजे शिरेत गुठळी होणं) दिन पाळतात. खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या माणसात ही तिन्ही कारणं एकाच वेळी हजर असतात.

हृदय रक्त पायाकडे ढकलतं, पण पायातून वर ओढून घेण्याची ताकद त्यात फारशी नाही. ते काम पोटरी करते. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की त्याच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं स्तब्ध उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी.

माणूस खाटेवर पडला की हा पंप बंद. मग खोल शिरेत गुठळी धरू शकते. त्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी तुटून फुफ्फुसात जाऊन अडकली तर ती पल्मनरी एम्बोलिझम, आणि तिने काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर किंवा खुबा-गुडघा बदलल्यानंतर गुठळी टाळण्याचा काहीच उपाय केला नाही, तर शिरांचे फोटो काढून बघितलेल्या जुन्या अभ्यासांत शंभरातल्या 40 ते 60 जणांच्या शिरांमध्ये गुठळ्या सापडल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना पायाला काहीच जाणवत नव्हतं. म्हणून "काय दुखत नाय मां, मग यंत्र कशाक?" असं कुणी विचारलं तर दुखायची वाट बघू नका.

हे यंत्र नेमकं काय करतं, आणि काय करत नाही

त्वचेवर चिकटवलेल्या दोन पॅडमधून यंत्र विजेचे अगदी छोटे ठोके सोडतं. ते ठोके स्नायूच्या नसेला (म्हणजे मज्जातंतूला, रक्ताच्या शिरेला नव्हे) जागं करतात आणि स्नायू आपोआप आवळतो. माणूस झोपलेला असला, थकलेला असला, पाय हलवायचं लक्षात नसलं, तरी पोटरी पंप मारत राहते.

कल्पना जुनी आहे. 1960-70 च्या दशकांत ब्रिटनमधले सर्जन ऑपरेशन चालू असताना रोग्याच्या पोटरीला असे ठोके देत असत. ते जागेपणी सहन होण्यासारखे नव्हते, म्हणून भूल दिलेली असतानाच ते वापरले जात. आताची बॅटरीवरची यंत्रं बरीच सौम्य आहेत. त्यांचे दोन प्रकार तुमच्या हाती पडू शकतात. एकात पॅड थेट पोटरीवर लावायचे असतात. दुसऱ्यात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर छोटी पट्टी लावतात आणि ती सेकंदाला साधारण एक ठोका देत राहते.

आता उपयोग किती, ते स्पष्ट सांगायला हवं. कुठला उपचार वापरावा हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2014 मध्ये नसेवर लावायच्या अशा एका यंत्राला मान्यता देताना अट घातली: ज्यांना गुठळीचा धोका मोठा आहे, पण औषधं आणि बाकीचे यांत्रिक उपाय चालत नाहीत किंवा शक्य नाहीत, त्यांच्यासाठी. 2017 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातून दिसलं ते असं की काहीच न करण्यापेक्षा स्नायू-उत्तेजन बरं, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या हिपॅरिनच्या कमी मात्रेच्या इंजेक्शनच्या तुलनेत ते कमी पडत असावं. अभ्यास थोडे होते आणि त्यांचा दर्जाही फार भक्कम नव्हता. म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन किंवा गोळी लिहून दिली असेल तर "आता यंत्र आणलंय ना" म्हणून ती बंद करू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर ही औषधं कधी कधी 35 दिवसांपर्यंत चालतात. पोटावर रोज सुई टोचताना बघून घरच्यांचा जीव कळवळतो, ते मला समजतं. तरी ती सुई सोडायची नाही.

आणखी एक गोंधळ मी आठवड्यातून एकदा तरी बघते. दुखण्यासाठी वापरतात ते टेन्स यंत्र वेगळं. त्याने मुंग्या येतात, दुखणं कमी वाटतं, पण स्नायू पुरेसा आवळेलच असं नाही. दिसायला दोन्ही सारखीच: डबी, दोन वायरी, चार पॅड. शेजारच्यांनी कंबरदुखीसाठी आणलेलं यंत्र मागून आणून पायाला लावू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या पाय ठेवायच्या "मसाजर" चटयाही या कामाच्या नाहीत. कुठलं यंत्र, कुठला मोड, दिवसातून किती तास, हे तिन्ही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून कागदावर लिहून घ्या.

पहिली पायरी : लावायचं की नाही, ते आधी विचारा

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: या पायात आधीच गुठळी तर नाही ना? गुठळी असलेल्या पायाची पोटरी यंत्राने पिळली तर ती सुटून वर जाण्याची भीती असते. रोगी कोणताही प्रतिबंध न करता बरेच दिवस पडून असेल, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला असेल, तर आधी डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त वाहतंय की अडलंय ते दाखवणारी तपासणी) करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा. गडबडीत राहून जातो.

छातीत पेसमेकर किंवा तसलं विजेवर चालणारं उपकरण असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय यंत्र लावायचंच नाही. गरोदर बाईला, फिट्स येणाऱ्याला, कॅन्सरच्या रोग्याला, मणक्याला मार लागलेल्याला (आपल्याकडे माडावरून, आंब्यावरून पडलेली माणसं काही कमी नाहीत) घरच्या घरी सुरू करू नका. आधी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली लावून बघायला हवं. ज्यांच्या पायाच्या शुद्ध रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, चालताना पोटरी भरून येते, पावलं गार पडतात, त्यांनीही आधी विचारायचं. तंबाखू-विडीवाल्यांमध्ये हे पुष्कळ दिसतं.

मधुमेहींबद्दल जरा थांबून सांगते. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. पॅडखाली त्वचा भाजत असली तरी त्यांना कळत नाही, आणि "अजून वाढव, काही लागत नाही" असं ते स्वतःच सांगतात. यंत्र लावण्याआधी डोळे मिटायला सांगून पोटरीवर एकदा कापसाने, एकदा सुईच्या बोथट टोकाने स्पर्श करून बघा. फरक ओळखता येत नसेल तर यंत्र बाजूला ठेवा आणि फोन करा.

दुसरी पायरी : टेप हातात घ्या

शिंप्याचा साधा टेप पुरतो. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या सुरुवातीला हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. तिथून 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि त्या खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. वहीत तारखेसह लिहा. रोज सकाळी, यंत्र लावण्याआधी, त्याच खुणेवर. दोन्ही पोटऱ्यांत 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर डॉक्टर ते डीव्हीटीच्या लक्षणांत धरतात. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच, म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा फार मोलाचा. आधी किती होतं तेच माहीत नसेल तर आजचं वाढलं की नाही ते कशावरून ठरवणार?

आजींच्या घरी हे काम नववीतल्या नातवाने उचललं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने रकाने आखले होते: तारीख, डावा, उजवा.

तिसरी पायरी : त्वचा तयार करा

कोकणात ही पायरीच सगळ्यात जास्त फसते, म्हणून इथे घाई नको.

पोटरी साबणाने धुवा. खोबरेल, बाम, पावडर, मलम, काही राहता कामा नये. धुऊन कोरड्या पंचाने पुसा आणि मग पंख्याखाली पाच मिनिटं तशीच राहू द्या. मे महिन्यात आणि आषाढात आपल्या हवेत त्वचा पुसल्याबरोबर पुन्हा ओलसर होते. घाईने पॅड लावला तर तासाभरात सुटणार. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. रेझर फिरवू नका, कारण दाढी केलेल्या त्वचेवर दिसत नाहीत असे ओरखडे असतात आणि तिथे करंट टोचतो. जखम, पुरळ, खाज-गजकर्ण, ऑपरेशनचे टाके, यांच्यावर पॅड कधीच नाही. पावसाळ्यात मांडीला-पायाला गजकर्ण घरोघरी असतं. बघून घ्या.

पॅडचा जेल चिकट आहे का ते बोट लावून तपासा. कोरडा पडला असेल तर पाण्याचा एखादा थेंब बोटाने पसरवून मिनिटभर थांबा, बहुतेक जेल पुन्हा धरतो. तरीही चिकटत नसेल, फाटला असेल, काळवंडला असेल, तर नवा घ्या. वरून चिकटपट्टी मारून जुना पॅड चालवू नका. अर्धवट टेकलेल्या पॅडमध्ये सगळा करंट छोट्याशा भागातून जातो आणि तिथेच त्वचा भाजते. पॅड एकाच रोग्याचे, दुसऱ्याला द्यायचे नाहीत.

चौथी पायरी : पॅड लावा

यंत्र बंद. ते बंद आहे याची खात्री करूनच पॅडला हात लावा, लावतानाही आणि काढतानाही.

पोटरीवर लावायचे असतील तर रोग्याला कुशीवर वळवा किंवा गुडघा थोडा वाकवून पाय आतून धरा. एक पॅड गुडघ्यामागच्या घडीपासून चार बोटं खाली, पोटरीच्या भरलेल्या भागावर. दुसरा खाली, जिथे पोटरीचा मांसल भाग संपून टाचेकडे जाणारा दोर सुरू होतो त्याच्या जरा वर. दोन पॅड एकमेकांना टेकता कामा नयेत. दोन्ही पाय करायचे असतील तर प्रत्येक पायाला स्वतःची वायरीची जोडी. एक पॅड या पायाला आणि त्याच जोडीतला दुसरा त्या पायाला, असं कधीच करू नका. मग करंट ओटीपोटातून जातो. छाती, मान, पोट, इथे हे पॅड लावायचेच नाहीत.

नसेवर लावायची पट्टी असेल तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, वाटीच्या पातळीपेक्षा थोडं खाली, हाडाचा छोटा गोळा चाचपडा. नस त्या गोळ्याला वळसा घालून पुढे येते. पट्टी तिथेच बसवायची. बोटभर इकडेतिकडे झालं तरी पाऊल हलत नाही, म्हणून जागा सापडली की पेनाने खूण करून ठेवा. माझ्या रोग्यांच्या पायांवर अशा निळ्या खुणा कायम असतात.

पाचवी पायरी : हळूहळू वाढवा

रोग्याला पाठीवर आडवं करा, पाय किंचित उंच, टाच गादीवर जोराने टेकलेली नको. गुडघ्याखाली नेमकी उशी सारू नका, तिथे शीर दबते. पोटरीखाली पसरट घडी चालते. ऑपरेशननंतर पाय कसा ठेवायचा याबद्दल सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आकडा शून्यावर आहे हे बघून यंत्र सुरू करा. रोग्याला आधी सांगा काय होणार आहे. आजींनी मला विचारलं होतं, "गो, माका शॉक बसतलो नाय मां?" मी पॅड आधी माझ्या स्वतःच्या हाताला लावून दाखवला. त्या हसल्या आणि पाय पुढे केला. (तो पॅड मग माझ्याकडेच ठेवला, आजींना नवा लावला.) घाबरलेल्या माणसाचा पाय ताठ असतो, आणि ताठ पायात स्नायू नीट आवळतो आहे की नाही ते कळत नाही.

एकेक पायरीने वाढवा. आधी मुंग्या येतील. मग त्वचेखाली थरथर. मग एकदम स्नायू आवळलेला दिसेल. पॅड पोटरीवर असतील तर पंजा खाली दाबला जातो, बोटं दूर जातात. पट्टी नसेवर असेल तर पाऊल वर आणि जरा बाहेरच्या बाजूला उचललं जातं. हाताचा तळवा पोटरीवर ठेवलात तर ती घट्ट होते आणि सैल पडते ते स्पष्ट कळतं. इथे थांबा. रोग्याला ओढ जाणवली पाहिजे, पण दुखता कामा नये. तोंड वाकडं झालं, पेटका आला, तर दोन पायऱ्या खाली या.

नुसत्या मुंग्यांवर थांबलात तर रक्त हलत नाही. रोगी "पुरे" म्हणाला की घरचे थांबतात, आणि तो बहुतेक वेळा मुंग्यांच्या पायरीवरच "पुरे" म्हणतो. पाच मिनिटं तिथेच राहू द्या, गप्पा मारा, त्वचेला सवय होते. मग पुन्हा थोडं वाढवा.

काल 18 वर पाऊल हललं म्हणून आजही 18 वर ठेवलं, असं करू नका. आकडा रोज बदलतो. घाम, पॅडचं वय, सूज, बॅटरी, सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. दुसऱ्या घरातल्या यंत्राच्या आकड्याशी तर आपल्या आकड्याचा काहीही संबंध नाही. आणि पुष्कळ वाढवूनही पाऊल हलतच नसेल, तर जागा चुकली आहे, पॅड सुटला आहे, किंवा त्या नसेलाच इजा आहे. अशा वेळी वाढवत जाऊ नका. बंद करा, पॅड काढून पुन्हा लावा. तरीही नाहीच, तर फोन.

चालू असताना

तासाला एकदा चादर बाजूला करून बघा. पाऊल हलतंय ना? पॅडच्या चारही कडा टेकल्यात ना? एवढंच, पण तेवढं केलंच पाहिजे. आजींच्या घरी आम्ही ठरवलं की पायावर चादर घालायचीच नाही, खिडकीतून ओटीवरच्या माणसालाही पाऊल हलताना दिसलं पाहिजे.

किती वेळ, ते यंत्रावर आणि रोग्यावर अवलंबून आहे. काही पट्ट्या जवळजवळ दिवसभर ठेवायच्या असतात, काही यंत्रं ठरावीक तासांच्या पाळीने. कागदावर लिहिलेलं पाळा. पॅड काढल्यावर त्वचा बघा. हलकी लाली अर्ध्या-एक तासात जाते. लाली राहिली, फोड आला, खाज सुटली, तर त्या जागी पुन्हा लावू नका. दिवसातून एकदा पॅड काढून त्वचेला मोकळी हवा द्यायची आणि पाय धुवायचा. आंघोळीच्या वेळी यंत्र दूर.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. चार्ज होणारं यंत्र असेल तर लाइट असताना चार्ज करून ठेवा, आणि चार्जिंगला लावलेलं असताना पायाला लावू नका. जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो, विजा कडाडत असतात, तो धोका पत्करायचं कारण नाही. सेलवर चालत असेल तर सेलची एक जोडी जास्तीची आणून ठेवा.

यंत्र चालू आहे म्हणून बाकीचं सोडू नका

पाय हलवता येत असेल तर रोग्याने स्वतः हलवायचा. पंजा आपल्याकडे ओढायचा, मग दूर दाबायचा. जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा. यात विजेचा पैसाही नाही, आणि स्वतःच्या ताकदीने पोटरी चांगली आवळते. सर्जनने परवानगी दिली की उठवून उभं करा, चालवा. पडून राहिलेला प्रत्येक दिवस धोका वाढवतो. "आजीला विश्रांती घेऊ द्या" म्हणणारे पाहुणे येतील, त्यांना चहा द्या आणि आजींना उठवा.

पाणी कमी पडू देऊ नका. पेज, ताक, साधं पाणी. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तीच पाळायची.

बाळंतिणीबद्दलही विचारणा होते. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत गुठळीचा धोका वाढलेला असतो, हे खरं. पण साध्या बाळंतपणानंतर यंत्राची नव्हे, हिंडण्याफिरण्याची गरज असते. शेक-शेगडी खुशाल करा, पण तिला दिवसभर खाटेवर ठेवू नका. गणपतीला मुंबईहून रात्रभर बसमध्ये बसून येणाऱ्या चाकरमान्यांचंही तसंच. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की धोका सुमारे दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं, पण धडधाकट माणसात तो मुळात लहान असतो. बस थांबेल तिथे उतरून चाला, बसल्या जागी टाचा उचला. पायाला प्लास्टर असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

या खुणा दिसल्या तर यंत्र काढा आणि निघा

एकच पाय सुजणं. पोटरी दुखणं, दाबल्यावर जास्त दुखणं. पाय गरम लागणं, रंग बदलणं. टेपवरचा फरक वाढत जाणं. यातलं काहीही झालं तर यंत्र बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. उद्या सकाळी नाही.

अशा पायाला मालीश करू नका. हे मी हात जोडून सांगते. आपल्याकडे पाय सुजला की तेल कोमट करून खालून वर चोळायची सवय आहे, त्यामागे मायाच असते. पण आत गुठळी असली तर तो हात तिला वर ढकलू शकतो.

अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळला, तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. लगेच 108 ला फोन करा. रोग्याला बसतं करा आणि चालवू नका. फोनवर आणि दवाखान्यात पहिल्या वाक्यात सांगा: "खुब्याचं ऑपरेशन झालंय, अंथरुणावर आहेत, अचानक धाप लागली." नुसतं "दम लागलाय" म्हटलं तर दम्याचा किंवा हृदयाचा विचार आधी होतो आणि वेळ जातो.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वाडीपासून मोठ्या दवाखान्यापर्यंतचं अंतर हीच अडचण आहे. ओरोसच्या सरकारी दवाखान्यात जायचं की थेट गोव्यात बांबोळीच्या मोठ्या दवाखान्यात, हा वाद रात्री दोन वाजता अंगणात उभं राहून घालायचा नसतो. म्हणून डिस्चार्ज मिळतानाच तीन गोष्टी विचारून कागदावर लिहा आणि कागद दाराच्या मागे चिकटवा: रात्री डॉपलर कुठे होतो, फुफ्फुसातली गुठळी दाखवणारी सीटी अँजिओग्राफी कुठे होते, आणि कुणाला फोन करायचा. पायवाटेने जावं लागत असेल तर खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेणारी चार माणसं कोण, तेही त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

बंद केव्हा करायचं

बरं वाटलं म्हणून नाही. रोगी घरात पुरेसा चालू-फिरू लागला की डॉक्टर सांगतील. आजी वॉकर घेऊन माजघरातून ओटीवर, मग ओटीवरून अंगणात तुळशीपर्यंत जाऊ लागल्या, पोटातला अल्सर भरला, आणि डॉक्टरांनी तपासून यंत्र थांबवलं. टेपची मोजणी मात्र आणखी काही आठवडे चालू ठेवायला सांगितली, कारण ऑपरेशननंतरचा धोका घरी चालायला लागल्या दिवशीच संपत नाही.

यंत्र ठेवून देताना सेल काढून ठेवा, नाहीतर दमट हवेत ते गळतात आणि यंत्र कायमचं जातं. वायरी गुंडाळा, पिळू नका. आजींच्या सुनेने ते तांदळाच्या पुडीसकट डब्यात घालून मला दाखवलं, कोरडं राहावं म्हणून. डब्यात नातवाने मोजणीचं ते कॅलेंडरचं पानही घडी करून ठेवलं होतं. ते मी काढून त्याला परत केलं आणि म्हटलं, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हेच दाखव.